फ्रेझल व्हर्बच्या पुढचं प्रिपोझिशन: आमच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात समाजमंदिराच्या ओसरीवर रोज संध्याकाळी सात वाजता इंग्रजीचा वर्ग भरतो. तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं, बारावीच्या मुली, कृषी केंद्राच्या काउंटरवर बसणारा एक जण आणि पुण्यातल्या नातवाशी इंग्रजीत दोन शब्द बोलता यावेत म्हणून येणाऱ्या एक मावशी, असा मेळा आहे. दरवर्षी पोरं बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत ठेवले आहेत. आमच्याकडे वहीत ते आधी तसेच उतरतात, स्पेलिंग मागाहून.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे नेमकं काय?

क्रियापदाला 'अप', 'आउट', 'ऑफ', 'डाउन' असा एखादा छोटा शब्द चिकटतो आणि अर्थ भलतीकडेच जातो. 'गिव्ह' म्हणजे देणं, 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणं. 'पुट' म्हणजे ठेवणं, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. याचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असं नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. परक्या माणसाला सगळ्यात जड जाते ती हीच जोडणी, हे त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र फार उशिरा रुळलं. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५ मध्ये ते छापलं आणि श्रेय दिलं कोशकार हेन्री ब्रॅडलीला.

एक शब्द चिकटला ना मॅडम? मग त्याच्यापुढे अजून एक प्रिपोझिशन काहून लागते?

खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे सगळे याचीच पिल्लं.

'रन आउट', 'कॅच अप' यांतले 'आउट' आणि 'अप' हे प्रिपोझिशन नाहीत, अ‍ॅडव्हर्ब आहेत. ते क्रियापदाचे झाले, नामाशी त्यांचं देणंघेणं नाही. बऱ्याचदा या जोडीवर वाक्य पूर्ण होतं: 'वी हॅव रन आउट', आमचं संपलं. पण काय संपलं ते सांगायचं तर नामाला आत यायला दार हवं. ते दार म्हणजे 'ऑफ' (हा एका 'एफ'चा; 'पुट ऑफ', 'टर्न ऑफ' मधला दोन 'एफ'चा, तो वेगळा): 'वी हॅव रन आउट ऑफ डिझेल'. 'ही ड्रॉप्ड आउट', त्याने मधूनच सोडलं. काय सोडलं? 'ऑफ कॉलेज'. 'आय विल कॅच अप', मी गाठतो. कुणाला? 'विथ यू'.

दुसरी जात अशी की तिसऱ्या शब्दाशिवाय अर्थच उभा राहत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं. त्यातला 'विथ' काढून 'पुट अप' तेवढं ठेवलं तर भिंतीवर पोस्टर लावलं, पाहुण्याला मुक्कामाला ठेवलं, असलं काहीतरी निघतं. सहन करणं पार गायब होतं. 'लुक फॉरवर्ड टू' हे त्याच घरचं.

यात नवल वाटावं असं काही नाही. आपण 'लागणे' कसं वापरतो ते पाहा. कामाला लागला. नादी लागला. मागे लागला. हाती लागला. मनाला लागलं. 'वाटेला लागला' आणि 'वाट लागली' यांत पाहायला गेलं तर एका 'ला'चा फरक, पण पहिला माणूस सुखरूप घरी निघालाय आणि दुसऱ्याचं वावर गहाण पडलंय. 'लागणे' म्हणजे काय हे परक्या माणसाला एका शब्दात सांगून दाखवा. जमणार नाही, कारण आपणही ते तसं शिकलो नाही. 'कामाला लाग' हे आईच्या तोंडून अख्खं ऐकलं आणि तसंच उचललं. 'पुट अप विथ' अख्खंच उचलायचं आहे, तेही पुढच्या नामासकट: 'पुट अप विथ द हीट'. आमच्याकडच्या मे महिन्यात हे वाक्य विसरणं अवघड आहे.

तिसरा शब्द बदलला तर असा किती फरक पडते?

शिक्षकदिनाच्या भाषणात आमच्या वर्गातल्या एका मुलीने वाचलं, 'वी ऑल लुक अप अ‍ॅट अवर हेडमास्टर'. तिला म्हणायचं होतं, आम्ही सरांना मानतो. ते 'लुक अप टू'. 'लुक अप अ‍ॅट' म्हणजे मान वर करून पाहणं. सर चांगले सहा फूट आहेत, त्यामुळे वाक्य खोटं नव्हतं.

'मेक अप' घ्या. 'मेक अप विथ' म्हणजे भांडण मिटवणं: 'शी मेड अप विथ हर सिस्टर'. 'मेक अप फॉर' म्हणजे भरपाई होणं. कपाशीत तुरीचे तास, म्हणजे ओळी, टाकलेले असतात आणि कपाशी गेली तरी तूर थोडंफार भरून काढते, ते हे: 'द तूर मेड अप फॉर द कॉटन'. 'मेड अप ऑफ' म्हणजे बनलेलं असणं: 'अवर बचत गट इज मेड अप ऑफ ट्वेल्व्ह विमेन'. शेवटचा शब्द पुसला तर समझोता, भरपाई आणि बारा बाया सगळ्या एकाच पोत्यात.

'फॉल आउट ऑफ' म्हणजे एखाद्या गोष्टीतून खाली पडणं, 'फॉल आउट विथ' म्हणजे एखाद्याशी बिनसणं. वरुडकडच्या एका पोराने निबंधात 'माय अंकल फेल आउट विथ द ऑरेंज ट्री' लिहिलं. काकांचं संत्र्याच्या झाडाशी वाजलं म्हणायचं.

मधला शब्द बदलला तरी हीच गत. 'कम अप विथ अ‍ॅन आयडिया' म्हणजे युक्ती सुचली. 'कम डाउन विथ मलेरिया' म्हणजे हिवतापाने अंथरूण धरलं. यांची अदलाबदल झाली की माणूस युक्तीने आजारी पडतो.

मग काही नियम आहे का, की सगळं पाठच करा लागते?

नियम म्हणावा असा नाही, ठोकताळे आहेत. माझ्या पाहण्यात कामी येतात ते सांगते.

'आउट'च्या पुढे बहुतेक वेळा 'ऑफ' येतो, कारण आत होतं ते बाहेर निघतं: 'रन आउट ऑफ', 'ड्रॉप आउट ऑफ', 'बॅक आउट ऑफ' म्हणजे कबूल करून मागे सरणं. समोर दुसरं कुणी उभं असेल, त्याच्या जोडीने चालायचं असेल, त्याला गाठायचं असेल, त्याच्याशी निभवायचं असेल, तिथे 'विथ': 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ', 'गेट ऑन विथ', 'पुट अप विथ'. कशासाठी, कुणाच्या बाजूने असा भाव असला की 'फॉर': 'साइन अप फॉर', 'स्टँड अप फॉर'. आणि कशावर तरी रोख किंवा भार पडत असेल तर 'ऑन': 'लुक डाउन ऑन' म्हणजे कमी लेखणं, 'चेक अप ऑन' म्हणजे कुणी काय करतंय यावर नजर ठेवणं, 'कट डाउन ऑन टी' म्हणजे चहा कमी करणं. 'ऑन'चं एक वेगळंच प्रकरण आहे, ते मावशींच्या प्रश्नात शेवटी येईल.

हे ठोकताळे दहापैकी सहासात वेळा खरे ठरतात. वर 'फॉल आउट विथ' पाहिलंच, तिथे 'आउट' असूनही 'ऑफ' नाही. पण भांडायला समोर माणूस लागतोच, म्हणजे 'विथ' अगदीच आगंतुक नाही.

'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीट' की 'मीटिंग'?

'मीटिंग'. ही चूक मी स्वतः चौदा वेळा केली आहे, एकाच दिवशी. डी.एड. झाल्यावर तालुक्याच्या सायबर कॅफेत बसून अर्ज टाइप केला, शेवटी झोकात लिहिलं, 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू', आणि त्याच्या चौदा प्रती चौदा शाळांना पोस्टाने पाठवल्या. उत्तर एकाचंही आलं नाही. ते या चुकीमुळे, असं नाही म्हणत मी. पण 'हिअर' नाही, 'हिअरिंग' पाहिजे होतं, हे कळलं तेव्हा पोस्टाच्या तिकिटांचे पैसे आठवले.

गोम अशी की इंग्रजीत 'टू' दोन आहेत. 'आय वाँट टू गो' मधला 'टू' क्रियापदाच्या मूळ रूपाला धरून असतो. 'लुक फॉरवर्ड टू' मधला 'टू' प्रिपोझिशन आहे. त्याला पुढे नाम हवं असतं, आणि क्रियापदाला नामाचं सोंग द्यायचं तर 'आयएनजी' लावावं लागतं.

ओळखायचं कसं? आमच्या वर्गात पोळ्याची कसोटी आहे. 'टू'च्या पुढे 'पोळा' ठेवून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू पोळा', जमलं. म्हणजे 'टू' प्रिपोझिशन, 'आयएनजी' लावा. 'आय वाँट टू पोळा', नाही जमलं. मग साधं मूळ रूप ठेवा. 'गेट डाउन टू पोळा' जमतं, म्हणून 'गेट डाउन टू स्टडिइंग', अभ्यासाला लागणं. पाहा, पुन्हा 'लागणं' आलं. 'गेट यूज्ड टू' म्हणजे अंगवळणी पडणं, तेही याच कसोटीला उतरतं: 'आय गॉट यूज्ड टू लिव्हिंग इन अ हॉस्टेल'. पण 'आय यूज्ड टू लिव्ह इन अ हॉस्टेल' म्हणजे पूर्वी राहायचे, तिथे पोळा बसत नाही.

बाकीच्या प्रिपोझिशनांना कसोटीची गरजच नाही. 'ऑफ', 'विथ', 'फॉर', 'ऑन' यांच्या पुढे क्रियापद आलं की डोळे मिटून 'आयएनजी': 'शी बॅक्ड आउट ऑफ सेलिंग द बुलक्स'.

'टर्न ऑफ इट' का चुकतं? 'लुक आफ्टर इट' तर चालतं.

हे शिकवत होते त्या दिवशी पंख्याची खडखड फार होत होती. मी म्हटलं, कुणीतरी इंग्रजीत सांगा याला बंद करायला. मागून आवाज आला, 'मॅडम, टर्न ऑफ इट!' आणि त्याच क्षणी लाईन गेली. पोरं हसून हसून लोळली. मग तीन मोबाइलचे टॉर्च फळ्यावर धरले आणि त्या उजेडात मी या ओळी लिहिल्या:

टर्न ऑफ द फॅन.
टर्न द फॅन ऑफ.
टर्न इट ऑफ.

नाम असेल तर 'ऑफ'च्या अलीकडे चालतं, पलीकडेही चालतं. 'इट', 'हिम', 'देम' असे सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं, दुसरीकडे नाही. 'लुक आफ्टर'चं तसं नाही, कारण 'आफ्टर' खरंखुरं प्रिपोझिशन आहे. ते आपल्या नामाच्या किंवा सर्वनामाच्या आधीच राहणार, म्हणून 'लुक आफ्टर इट'.

कानाने ओळखायचं तर जोर कुठे पडतो ते ऐका. 'टर्न इट ऑफ' म्हणताना वजन 'ऑफ'वर येतं. 'लुक अ‍ॅट इट' म्हणताना 'अ‍ॅट' जवळजवळ गिळला जातो. अ‍ॅडव्हर्ब ठासून बोलतात, प्रिपोझिशन हलकं सोडतात.

आता तीन शब्दांचं. 'पुट अप विथ इट', 'रन आउट ऑफ इट': शेवटचं प्रिपोझिशन असल्यामुळे सर्वनाम त्याच्याच पुढे, मधे घुसवायचं नाही. जोर मधल्या शब्दावर, तिसरा पुन्हा हलका. काहींना मात्र दोन नामं लागतात, एक पोटात आणि एक शेवटी. 'पुट समथिंग डाउन टू समथिंग' म्हणजे एखाद्या गोष्टीचं खापर दुसऱ्यावर फोडणं, कारण तिथे नेऊन टेकवणं. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने आमच्याकडे काय केलं ते इथल्या कोणत्याही कास्तकाराला सांगावं लागत नाही. 'दे पुट द लॉस डाउन टू पिंक बोलवर्म.' यात 'द लॉस' मधे आहे आणि 'टू'च्या पुढे अळी. 'टेक यू अप ऑन दॅट' हेही तसंच. कुणी म्हणालं, या कधी जेवायला, आणि तुम्ही ते शब्दशः खरं धरून खरंच गेलात, तर 'आय टुक हिम अप ऑन हिज ऑफर'.

कापसाचा भाव 'गो अप' होते, त्याच्यापुढे कधी 'टू' कधी 'बाय' दिसते. कोणतं खरं?

दोन्ही. इथला तिसरा शब्द बांधलेला नाही, मोकळा आहे. 'द प्राइस वेंट अप फ्रॉम सेव्हन थाउजंड टू सेव्हन थाउजंड टू हंड्रेड' म्हणजे ७,००० वरून ७,२०० वर. 'इट वेंट अप बाय टू हंड्रेड' म्हणजे २०० ने. 'बाय'च्या जागी 'टू' टाकलं तर कापूस २०० रुपये क्विंटल होतो. जिनिंगवर असं इंग्रजी बोलू नका.

बांधलेला आणि मोकळा यांतला फरक ओळखायचा तर तो शब्द बदलून पाहा. 'वेंट अप'च्या पुढे काहीही लावा, भाव वाढलेलाच राहतो. 'पुट अप'च्या पुढचा 'विथ' बदला, सहन करणंच जातं.

'लाइट वेंट ऑफ' म्हणजे बंद झाला, मग 'अलार्म वेंट ऑफ' म्हणजे वाजला कसा?

मलाही पटलेलं नाही, पण तसंच आहे. दूध 'वेंट ऑफ' म्हणजे नासलं, बॉम्ब 'वेंट ऑफ' म्हणजे फुटला. दिवा सोडला तर बाकी सगळ्यात काहीतरी सुटलं, बिघडलं, उसळलं असा भाव आहे, एवढंच म्हणता येतं.

'कोप अप विथ' चूक आहे म्हणतात. सगळे तर तसंच बोलतात.

सगळे म्हणजे आपण सगळे. भारतात हे घराघरात आहे, पण बाहेरच्या कोशांत आणि परीक्षेत 'कोप विथ' एवढंच बरोबर. हा 'अप' कुठून आला? 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांच्या शेजारी राहून त्याला तो लागला, असा माझा अंदाज. वाण नाही पण गुण लागला.

या निमित्ताने आपल्या चुकांची एक मजेशीर गोष्ट. आपल्या बहुतेक चुका आळसातून येत नाहीत, मराठीतून येतात. इंग्रजीचं प्रिपोझिशन नामाच्या आधी येतं, आपलं शब्दयोगी अव्यय किंवा प्रत्यय नामाच्या मागून. डोकं आपलं नाम पाहून प्रत्यय ठरवतं आणि मग त्याचं भाषांतर करतं. 'विषयी चर्चा करणे' आहे ना, म्हणून 'डिस्कस अबाउट'. खरं तर 'डिस्कस'ला काहीच नको. 'गावाला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड टू व्हिलेज'. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ हर'. ही झाली वाढीव प्रिपोझिशनं.

उलट, मराठीत जिथे प्रत्यय लागत नाही तिथे आपण इंग्रजीतलं गिळतो. 'गाणं ऐक' यात प्रत्यय कुठे आहे? म्हणून 'लिसन सॉन्ग', 'टू' गायब. 'त्रास सहन करतो' म्हणून 'पुट अप द ट्रबल', 'विथ' गायब. एकदा हे लक्षात आलं की स्वतःच्या वहीतल्या चुका स्वतःला सापडायला लागतात. लिहिलेलं वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहा आणि जिथे प्रत्यय आहे किंवा नेमका नाही, तिथे बोट ठेवा. बहुतेक चोर तिथेच असतो.

'आय पास्ड आउट इन २०२१' म्हणायचं की नाही?

भारतात सगळ्यांना कळतं. इंग्लंडच्या माणसाला मात्र तुम्ही २०२१ मध्ये बेशुद्ध पडलात असं ऐकू येतं. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या प्रशिक्षणातून 'पास आउट' होणं तिकडेही चालतं, 'पासिंग आउट परेड' आपण पाहतोच. कॉलेजसाठी 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम' लिहा. आणि त्यातला 'फ्रॉम' खाऊ नका.

फॉर्म 'फिल इन', 'फिल आउट' की 'फिल अप'?

ब्रिटिश 'फिल इन' म्हणतात, अमेरिकन 'फिल आउट', आपण 'फिल अप'. परीक्षेत पहिल्या दोनपैकी एक. 'फिल अप' टाकीसाठी राखून ठेवा: 'फिल अप द टँक विथ डिझेल'.

सेतूवर 'लॉगिन' लिहिलेलं असते, पुस्तकात 'लॉग इन टू'. काय खरं?

'लॉगिन' एक शब्द असेल तर ते नाम: माझं लॉगिन चालत नाही. क्रिया सांगायची तर 'लॉग इन' सुटं, आणि पोर्टलचं नाव घ्यायचं तर पुढे 'टू': 'लॉग इन टू द पोर्टल'. यातला 'इन' क्रियापदाचा आणि 'टू' पोर्टलचा, म्हणून ते सुटे लिहिलेले बरे. जोडून 'इन्टू' केलं की तो वेगळाच शब्द होतो आणि कधी कधी भलताच अर्थ निघतो. 'दे टर्न्ड द थीफ इन टू द पोलीस' म्हणजे चोराला पोलिसांच्या हवाली केलं. 'टर्न्ड द थीफ इन्टू अ पोलीसमन' म्हणजे चोराचाच शिपाई केला.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं तर चूक असते, असं आमच्या शाळेत सांगून दिलं होतं.

ही खोड फार जुनी आहे. कवी जॉन ड्रायडन याने १६७२ मध्ये आपल्या आधीच्या पिढीतल्या नाटककार बेन जॉन्सनवर याच कारणाने बोट ठेवलं आणि तेव्हापासून मास्तर लोकांनी ते उचललं. बोलीतल्या इंग्रजीला त्याचं काही पडलेलं नाही: 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' 'हू डिड यू फॉल आउट विथ?' तीन शब्दांच्या जोडीत तर दुसरा इलाज नसतो. चर्चिलच्या नावावर एक वाक्य खपवतात, त्याचं असल्याचा भरवसा नाही, पण विनोद चांगला आहे. शेवटी प्रिपोझिशन नको म्हणून 'पुट अप विथ' उलटं फिरवलं तर काय होतं? 'अप विथ विच आय विल नॉट पुट.' ऐकतानाच दात कचकचतात.

भरतीच्या पेपरात यातलं काय येते?

२०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते, प्रत्येकी दोन गुण. तेवढ्यासाठी व्याकरणाचं अख्खं पुस्तक घोकत बसण्यापेक्षा रिकाम्या जागेतला तिसरा शब्द पक्का करा. एक सापळा मात्र लक्षात ठेवा: पॅसिव्ह व्हॉइस. 'द होल व्हिलेज लुक्स अप टू हर' याचं पॅसिव्ह करताना पोरं 'टू' टाकून देतात, कारण 'टू' आणि 'बाय' शेजारी शेजारी कानाला खटकतात. खटकू द्या. 'शी इज लुक्ड अप टू बाय द होल व्हिलेज.' हेच बरोबर.

आपण पिकअप, ब्रेकडाउन, बॅकअप, ले-आउट म्हणतो ते फ्रेझल व्हर्बच ना?

त्यांची नामं झालेली. कापूस नेणारी पिकअप, रोहित्राचा ब्रेकडाउन, आणि नागपूरपासून तालुक्यापर्यंत जिकडेतिकडे पडलेले ले-आउट. आमच्याकडे वावर विकलं की ते 'ले-आउटमध्ये गेलं' म्हणतात. नाम म्हणून जोडून लिहायचं आणि जोर पहिल्या तुकड्यावर: 'ब्रेकडाउन'मध्ये 'ब्रेक'वर. क्रियापद म्हणून सुटं आणि जोर दुसऱ्यावर: 'द मोटर ब्रोक डाउन'.

तहसीलदारांना इंग्रजीत अर्ज लिहायचा तर हे शब्द चालतील?

काही चालतात, काही हलके वाटतात. 'पुट अप विथ'च्या जागी अर्जात 'टॉलरेट', 'पुट ऑफ'च्या जागी 'पोस्टपोन' बरं दिसतं. 'लुक इन्टू' मात्र बिनधास्त लिहा: 'काइंडली लुक इन्टू द मॅटर', प्रकरणात लक्ष घाला. 'लुक आफ्टर द मॅटर' लिहू नका, ते प्रकरणाला सांभाळा, त्याला खाऊपिऊ घाला असं होतं. अर्थात साहेबांना मराठी येतं, अर्ज मराठीत लिहिला तर उत्तम.

रोज किती पाठ करायचे?

तीन. यादी बनवू नका, यादी डोक्यात राहत नाही. प्रत्येकाचं घरातलं, वावरातलं, एसटीतलं एक खरं घडलेलं वाक्य लिहा. कृषी केंद्रातल्या पोराने 'वी रॅन आउट ऑफ युरिया' लिहिलं आणि तो आयुष्यात 'ऑफ' विसरणार नाही, कारण त्या दिवशी त्याने पन्नास लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

'हँग अप'च्या पुढे 'ऑन' काहून?

हा मावशींचा प्रश्न. पुण्याहून नातवाचा फोन आला, तो म्हणाला, 'आजी, हँग ऑन.' मावशींना वाटलं फोन ठेव म्हणतोय. ठेवला. 'हँग ऑन' म्हणजे जरा थांब, 'हँग अप' म्हणजे फोन ठेवणं. अवघ्या एका शब्दात उलटं होतं. थोड्या वेळाने सुनेचा मेसेज आला: 'यू हंग अप ऑन हिम!' मावशींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. फोन ठेवला तर ठेवला, त्याच्या 'वर' काय ठेवला?

वर म्हटलेलं 'ऑन'चं प्रकरण ते हेच. एखादी गोष्ट घडते आणि तिचा फटका कुणाला तरी बसतो, तो बसणारा माणूस 'ऑन'च्या पुढे येतो. 'हँग अप ऑन समवन' म्हणजे तो बोलत असतानाच फोन आपटणं. 'वॉक आउट ऑन समवन' म्हणजे एखाद्याला वाऱ्यावर सोडून निघून जाणं. 'गिव्ह अप ऑन समवन' म्हणजे याच्या हातून काही होत नाही असं म्हणून आशा सोडणं. रात्री दोनच्या पाळीला हरभऱ्याला पाणी द्यायला गेलात आणि ऐन वेळी मोटर बसली तर 'द मोटर ब्रोक डाउन ऑन अस'. मोटर नुसती बिघडली नाही, आमच्या बोकांडी बिघडली. सुनेने 'ऑन' लिहिलं म्हणजे फोन कट झाल्याची नुसती खबर दिली नव्हती, तक्रार केली होती.

मावशींनी हे सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा लावला आणि तिथेच बसून एक एक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं: 'आय डिड नॉट हँग अप ऑन हिम. वी गॉट कट ऑफ.' साफ खोटं, पण एकही प्रिपोझिशन चुकलेलं नव्हतं.